घोडे पारखणाऱ्या पोरांची टीम: फी भरावी का?

पहिलंच सांगून टाकते, कारण दुकानावर येणारं निम्मं गिऱ्हाईक मला हेच विचारतं. नाही, तिथे घोड्यावर बसायला शिकवत नाहीत. माझी मुलगी अख्खा हंगाम तिथे गेली आणि खोगिराला तिचा हात लागला तो ते उचलून बाजूला ठेवण्यापुरता. तिथे घोडा बघायला शिकवतात. चार घोडे समोर उभे करतात. त्यातला सगळ्यात चांगला कोणता, त्याच्या खालचा कोणता, शेवटचा कोणता हे मुलांनी ठरवायचं आणि मग एकेकाने उभं राहून त्याची कारणं सांगायची. याला हॉर्स जजिंग म्हणतात. शाळकरी पोरांची त्याची टीम आपल्या खान्देशात आहे हे मलाही मागच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

तबेल्याचं नाव लिहीत नाही. पुढे काही तक्रारी आहेत आणि माणसं ओळखीतली आहेत. शहादा-दोंडाईचा रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना न सांगता कळेल.

मी दोंडाईच्याची. आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं, फवारणीचे पंप. मुलगी नववीत. घोड्यांचं वेड तिला सारंगखेड्याच्या यात्रेत लागलं, या भागातल्या पोरांना लागतं तसंच. तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ, मार्गशीर्षात दत्तजयंतीची यात्रा, आणि राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून ट्रकांनी येणारे घोडे. लहानपणी आपण त्या बाजारात पाळण्यात बसून जिलबी खाऊन परत यायचो. ही पोरगी दावणीला बांधलेल्या घोड्यांसमोरून हलायचीच नाही. मग ‘घोडा घेऊन द्या’ सुरू झालं. तिचे पप्पा म्हणाले, घोड्याला रोज खायला लागतं, क्लासला महिन्यातून एकदा. असा हा क्लास लागला.

शिकवणारे सर लष्करात घोड्यांच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. स्पर्धेची पद्धत अमेरिकेतली आहे. तिथे फोर-एच म्हणून खेड्यापाड्यातल्या मुलांची चळवळ आहे. १९०२ मध्ये ओहायोत निघालेल्या शेतकरी मुलांच्या क्लबपासून तिची सुरुवात धरतात. ती पोरं गाई पारखतात, डुकरं पारखतात, कोंबडीच्या स्पर्धेत तर अंडीसुद्धा पारखतात. घोड्यांच्या पारखीच्या मोठ्या स्पर्धा केंटकीतल्या लुईव्हिलला आणि ओहायोतल्या कोलंबसला होतात. टीम चार जणांची, आणि बहुतेक ठिकाणी त्यातल्या वरच्या तिघांचे गुण टीमला मिळतात. सरांनी नियम तिथले घेतलेत आणि घोडे इथले. यातून जी गंमत आणि जो घोळ होतो त्याकडे पुढे येते.

सुरुवातीचे रविवार पोरांना घोड्याजवळ फारसं जाऊच दिलं नाही. सरांनी गवंड्याचा ओळंबा आणलेला. एकाने स्टुलावर उभं राहून घोड्याच्या खांद्याच्या टोकापासून दोरी सोडायची, बाकीच्यांनी समोर दहा-बारा पावलांवर उभं राहून बघायचं. दोरी गुडघ्याच्या मधून, नळीच्या मधून आणि खुराच्या मधून गेली पाहिजे. मागचा पाय बाजूने बघायचा तर दोरी बुडाच्या टोकापासून सोडतात. ती मागच्या सांध्याला लागून नळीच्या मागच्या कडेने खाली आली तर पाय सरळ. दोरी जिथे सरकते तिथे दोष, आणि तो वहीत काढून दाखवायचा. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० ते ६५ टक्के भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून पुढच्या पायातला वाकडेपणा जास्त महाग पडतो, हे ज्ञान मला मुलीकडून भाकऱ्या थापताना मिळालं.

माझे सासरे, आबा, या सगळ्याकडे नाक मुरडून बघायचे. पारख शिकायला पैसे भरायचे हेच त्यांना पटत नव्हतं. त्यांचं आयुष्य बैलबाजारात गेलंय, रुमालाखाली बोटं दाबून सौदे केलेत. पण ओळंब्याची वही त्यांनी चष्मा लावून पानन् पान पाहिली आणि म्हणाले, “बरोबर शे. तोंड मंग देख, पहिले पाय देख.” त्यानंतर रविवारी दुपारी आज काय शिकलीस हे विचारणारे पहिले तेच.

पायांनंतर बांधा. पाठ आखूड हवी आणि पोटाखालची रेघ लांब. खांदा तिरका हवा, साधारण ४५ अंशांचा, आणि खुराच्या लगेच वरचा जो तिरका भाग असतो त्याचा कोन खांद्याच्या कोनाशी जुळायला हवा. तो भाग फार उभा असला तर प्रत्येक पावलाला दणका बसतो, फार कललेला असला तर शिरांवर ताण येतो. मान गळ्याशी बारीक हवी, नाहीतर डोकं नीट वळत नाही. हे सगळं एका घोड्यात बघून उपयोग नाही. चौघांत शेजारी शेजारी बघायचं, तेही बारा-पंधरा मिनिटांत, आणि त्या वेळात एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. पोरांना सगळ्यात जड हेच जातं. एक मुलगा नुसत्या भुवया उडवून शेजारच्याला उत्तर सांगायचा, सरांनी त्याला तोंड फिरवून उभा केला.

उंचीचा धडा मला दुकानदार म्हणून आवडला. आपल्या बाजारात घोड्याची उंची इंचात सांगतात, परदेशी कागदांत ‘हात’ असतात. एक हात म्हणजे ४ इंच. कागदावर १५.२ लिहिलेलं असलं तर ते १५ हात आणि वर २ इंच, म्हणजे ६२ इंच. दशांश समजून गुणाकार केला की चुकलाच. दातांचा धडा स्पर्धेत धरत नाहीत, पण सरांनी तो घेतला हे चांगलं केलं. अडीच वर्षांच्या सुमाराला मधले दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे, आणि पाच वर्षांना तोंड पुरं. पुढे दहाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक खाच दिसू लागते. पंधराला ती निम्म्या दातापर्यंत उतरते आणि विशीत दातभर होते. आबांना बैलाचे दात पाठ. पण बैलाला वरचे पुढचे दात नसतातच, त्यामुळे ही वरच्या दाताची खाच त्यांनाही नवीन होती. त्या दिवशी आजोबा शिकत होते आणि नात शिकवत होती.

आता गुण. हा भाग मी रात्री गल्ल्याच्या वहीत मांडून पाहिला, कारण पोरगी सांगत होती ते मला खरं वाटेना. चार घोड्यांचे क्रम २४ प्रकारे लागतात. एका गटाला ५० गुण. परीक्षकाने आपला क्रम आधीच लावलेला असतो, धरा ३-१-४-२. शेजारशेजारच्या दोघांत फरक किती, याचेही तो आकडे देतो. त्यांना ‘कट’ म्हणतात. समजा ३ आणि १ मध्ये २, १ आणि ४ मध्ये ५, ४ आणि २ मध्ये ३. तुम्ही वरची जोडी उलटी लावली तर २ गुण गेले, ४८ मिळाले. मधली जोडी उलटी लावली तर ५ गेले, ४५ उरले. म्हणजे जिथे फरक ढळढळीत आहे तिथे चुकलात तर दंड मोठा, जिथे परीक्षकालाच दोन्ही घोडे जवळजवळ सारखे वाटले तिथे लहान. आणि कोणी अख्खा क्रमच उलटा लावला तर? सहाही जोड्या उलट्या: २, ७, १०, ५, ८, ३. बेरीज ३५. तरी हातात १५ राहतात. मला हा हिशेब फार न्यायाचा वाटला. शाळेच्या पेपरात असं कुठे असतं?

पण फी कशाची द्यायची, तर कारणांची. बाकी सगळं आबाही शिकवू शकले असते.

क्रम लावून झाला की मुलगा किंवा मुलगी परीक्षकासमोर एकटी उभी राहते. हातात कागद नाही. वेळ दोन मिनिटं. त्यात असाच क्रम का लावला हे सांगायचं, आणि याचे वेगळे ५० गुण. क्रम चुकला तरी कारणांना चांगले गुण मिळू शकतात, कारण परीक्षक बघतो की तुम्ही जे सांगताय ते घोड्यात खरोखर होतं का आणि तुम्ही ते तोलून सांगितलं का. ‘घोडी चांगली आहे’ याला शून्य किंमत. ‘३ नंबरची घोडी १ नंबरपेक्षा पुढच्या पायांत सरळ आहे’ याला किंमत आहे. प्रत्येक वाक्यात दोन घोडे हवेत.

आणि एक नियम असा की तो मला घरात सगळ्यांना लावावासा वाटला. वरच्या घोड्याची बाजू घेताना खालच्या घोड्याचं जे चांगलं आहे ते कबूल करायचं. टाळलं तर गुण कापले जातात. माझी मुलगी आरशासमोर उभी राहून जे म्हणायची ते आता मलाही पाठ आहे:

“मी हा गट ३-१-४-२ असा लावला. पहिल्या जोडीत ३ ला १ च्या वर ठेवलं, कारण ३ ची पाठ आखूड आहे, खांदा जास्त तिरका आहे आणि चालताना तिचं पाऊल लांब पडतं. १ ची मान ३ पेक्षा लांब आणि गळ्याशी बारीक आहे हे मी मान्य करते, पण तिच्या पुढच्या खुरांची टोकं बाहेर वळली आहेत. मधल्या जोडीत १ ला ४ च्या वर ठेवलं...”

सुरुवातीला ही पोरगी ‘मान्य करते’ वर येऊन अडकायची. आपल्या पहिल्या नंबरच्या विरोधात आपणच का बोलायचं, यावर सरांशी वादही घातला. ते तिला म्हणाले, समोरच्याला ते दिसतंच आहे. तू नाही बोललीस तर त्याला वाटेल तुला दिसलं नाही. मला हे उत्तर इतकं आवडलं की आमच्या दुकानात कंपनीचे सेल्समन येतात त्यांना ऐकवावंसं वाटलं.

याचा घरी परिणाम काय? एका शेतकऱ्याने बॅटरीवरचा पंप मागितला आणि चार मॉडेलं बघून गोंधळला. ही शाळेतून आलेली, दप्तर खाली ठेवलं आणि चारी पंप ओळीत लावून कारणं सांगायला लागली. दोन नंबरच्या पंपाचा पट्टा रुंद आहे हे मान्य करते, पण टाकी भरल्यावर तो एका बाजूला कलतो वगैरे. ज्या पंपात आम्हाला सगळ्यात कमी सुटतं तोच तिने पहिला लावला. गिऱ्हाईक तो घेऊन गेलं. तिचे पप्पा संध्याकाळपर्यंत गप्प होते.

वर्गात चार जणांसमोर ‘प्रेझेंट’ एवढंच बोलणारी मुलगी होती ही. त्यामुळे मी या भागाला पूर्ण गुण देते.

आता घोळ. सरांकडचे छापील कागद अमेरिकेतले आहेत आणि त्यातली चित्रं क्वार्टर हॉर्सची. पाव मैलाच्या शर्यतीवरून नाव पडलेली ही जात; अंगाने भरदार, पुठ्ठे जाडजूड, मांडीला मांस. त्या स्पर्धांत मांसपेशींना मोठं वजन असतं. आपल्याकडे समोर उभा असतो मारवाडी किंवा काठियावाडी. त्याचं अंग सडपातळ, मान उंच धरलेली, कान आत वळून टोकाला टोक भिडवणारे. क्वार्टर हॉर्सच्या मापाने बघितला तर उत्तम मारवाडी घोडा शेवटच्या नंबरवर जातो आणि एखादा जाडा, बेढब घोडा पहिला येतो. सुरुवातीला पोरांचं तसंच झालं. मग सरांनी कागदावरच्या मांसपेशींच्या रकान्यावर पेनाने काट मारली आणि तिथे जातीची लक्षणं लिहायला लावली: कान, मानेची धरण, उंची, कातडीचा पातळपणा. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. कोणत्या जातीचा घोडा बघतोय हे आधी ठरल्याशिवाय चांगला-वाईट ठरतच नाही. आपल्या देशी जातींचा एक मराठी तक्ता करून लॅमिनेट करून दिला तर मी स्वतः छपाईचे पैसे देईन, हे मी सरांना सांगून ठेवलंय.

चालीच्या बाबतीतही हेच. तिकडच्या स्पर्धेत खोगिराखालच्या घोड्यांचेही गट असतात, त्यांच्या चालींचे नियम ठरलेले. इथे ते घोडे नाहीत आणि स्वारही नाहीत, त्यामुळे तो अर्धा भाग इथे लंगडाच आहे. त्याऐवजी सर पोरांना डोळे मिटून टापा मोजायला लावतात: साध्या चालीत चार ठोके, दुडकीत दोन, कँटरमध्ये (दुडकीपेक्षा वेगाची, उड्या मारत जाणारी चाल) तीन. मग मारवाडीची रेवाल चाल ऐकवतात, जिच्यात एका बाजूचे पाय पाठोपाठ पडतात आणि स्वार हलत नाही. ऐकायला छान, पण यावर गुणांची स्पर्धा होईल इतकी तयारी पोरांची झालेली नाही. ज्यांना स्वारीचे गट हवेत त्यांनी इकडे येऊ नये.

सारंगखेड्याची फेरी हा या टीमचा सगळ्यात चांगला दिवस आणि माझा सरांशी सगळ्यात मोठा मतभेदही तिथलाच. यात्रेतल्या एका व्यापाऱ्याला सरांनी आधी विचारून ठेवलं होतं. त्याने चार घोड्या ओळीत उभ्या केल्या, मोतद्दारांनी लगाम धरले, पोरं वह्या घेऊन गोल फिरली. भोवती गर्दी जमली. नऊवारीतली एक आजी मला विचारत होती, ‘या पोरी घोडा लेवाले उनी का?’ म्हटलं नाही आजी, परीक्षा शे.

माझ्या मुलीने पहिली लावलेली घोडी कुमेत (तांबूस-तपकिरी) रंगाची, पाय सरळ, चाल मोकळी. कारणंही तिने खणखणीत सांगितली. व्यापारी राजस्थानचा, मिशीला पीळ दिलेला, सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, “बेटी, सब ठीक है, भौंरी देखी?” ही म्हणाली, भौंरीचे गुण नसतात. तो घोडीजवळ गेला आणि तिच्या डोळ्याखालचा केसांचा भोवरा बोटाने दाखवला. “आँसूढाल है. इसको तुम्हारे गाँव में कोई नहीं लेगा.” मग शेवटच्या नंबरवर लावलेल्या घोडीची मान वर करून गळ्यावरचा लांब भोवरा दाखवला, देवमण, शुभ मानतात तो. तिची किंमत पहिलीपेक्षा बरीच वर सांगत होता. तिचे मागचे सांधे एकमेकांकडे वळलेले, लांबूनही दिसत होतं.

सरांचं म्हणणं, भोवऱ्याने घोडा लंगडत नाही, तेव्हा वर्गात त्याचं नावही काढायचं नाही. रंगाचंही तेच, काळा अपशकुनी, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलेला) शुभ, हे सगळं बाहेर ठेवा. पारखीपुरतं त्यांचं बरोबर आहे, मी मान्य करते (पाहा, मलाही लागलं). पण ही पोरं उद्या खरंच कोणासाठी घोडा घ्यायला गेली तर? भोवऱ्याने घोडा बिघडत नाही हे जितकं खरं, तितकंच भोवऱ्याने किंमत पडते हेही खरं. ज्याला ते माहीत आहे तो डोळ्याखाली भोवरा असलेली सरळ पायांची घोडी स्वस्तात घेऊन येईल. ज्याला माहीत नाही तो देवमणाचे पैसे मोजून वाकडे पाय घरी आणेल. मी सरांना म्हटलं, गुण देऊ नका, पण एक रविवार शिकवा तरी. ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. आबांनी मात्र घरी येऊन नातीला बैलांचे सगळे भोवरे सांगून टाकले.

त्याच दिवशी सरांनी एक गोष्ट फार चांगली केली. नाचणाऱ्या घोड्यापुढे गर्दी टाळ्या वाजवत होती आणि घोड्याचं तोंड सारखं उघडत होतं, फेसात तांबूस छटा. पोरांना थोडं बाजूला नेऊन सरांनी विचारलं, हा तोंड का उघडतोय? मग सांगितलं की काटे असलेला लगाम वापरायला १९६५ च्या जनावरांच्या नियमांतच बंदी आहे. त्या मालकाशी ते भांडले नाहीत, पण पोरांनी त्या घोड्याच्या नावापुढे वहीत काय लिहिलं ते सगळ्यांसमोर वाचायला लावलं. तेव्हापासून वरातीत घोडी दिसली की माझी मुलगी आधी तिचं तोंड बघते. नवरदेव राहिला बाजूला.

पैशाचं. महिन्याला १,२०० रुपये, सारंगखेड्याचा खर्च वेगळा. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितली की मिळते. आमच्या भागाच्या मानाने फी जास्त आहे आणि दोन भावंडं असली तरी सवलत देत नाहीत.

तक्रारी भरभर सांगते. मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही. जे आहे त्याच्या दाराला आतून कडी नाही, आम्ही आयांनी आळीपाळीने बाहेर उभं राहायचं. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत रविवारची वेळ सकाळी सहाला ग्रुपवर बदलते, तोवर आम्ही डबा भरून तयार. कागद सगळे इंग्रजीत, आणि सेमी इंग्रजीच्या पोरांनाही त्यातले अर्धे शब्द कळत नाहीत, त्यामुळे झेडपीच्या शाळेतली दोन हुशार पोरं मधेच गळाली. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यातल्या एकाचे वडील टांगा हाकायचे आणि त्या पोराचा डोळा सगळ्यांत तयार होता. मराठीत कारणं सांगायची मुभा आहे मग कागद इंग्रजीत कशाला?

सुरक्षिततेबद्दल मात्र मला बोट ठेवायला जागा नाही. प्रवेशाच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याचा कागद मागतात. घोड्यांच्या जागेत ते हवंच. बाहेरून आलेला घोडा ग्लँडर्सची तपासणी झाल्याशिवाय पोरांच्या जवळ आणत नाहीत. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, आणि त्याच्या तपासणीचं देशातलं मुख्य केंद्र हिसारला आहे, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. चप्पल घालून आलेल्याला फाटकातूनच परत पाठवतात. घोड्याच्या मागून जायचं नाही, जायचंच तर आवाज देऊन आणि लांबून. आमच्या समोर एकदा एका पप्पांनाच सरांनी हात धरून बाजूला ओढलं, सेल्फी घेत मागे सरकत होते.

मग कोणी जावं? ज्याला स्वार व्हायचंय त्याने नाही. त्याने सरळ रायडिंग क्लब शोधावा. ज्याला व्हेटर्नरीला जायचंय त्याला हे पुढे कामाला येईल. ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत त्यांच्या पोरांना तर नक्कीच, कारण पाय, पाठ आणि चाल बघायची सवय जनावर बदललं तरी जात नाही. आणि जी पोरं घरात खूप बोलतात पण चार माणसांत गप्प होतात, त्यांना दोन मिनिटांच्या कारणांसाठी घालाच. सातवीच्या खाली घालू नका. बारीक पोरं पंधरा मिनिटं गप्प उभी राहत नाहीत आणि मग सरांचा सगळा वेळ त्यांना गप्प करण्यात जातो.

नवीन बॅच दिवाळीची सुट्टी संपली की भरते. फोन कराल तेव्हा फीच्या आधी दोन गोष्टी विचारा: त्या दाराला कडी लागली का, आणि कागद मराठीत आले का. उत्तर हो असेल तर मलाही खाली कळवा. आमच्याकडे अजून एक धाकटा आहे, आणि तो आता ओळंबा घेऊन आबांच्या मागे फिरतोय.